गिताबाईचा दुसरा आणि तिसरा भाग

१

रोहिदासचा फोन आला तेव्हा यवतच्या स्टँडसमोर माझा चहा नुकताच टेबलावर आला होता.

"तात्या, गिताची फाईल कुणीतरी पुसलीय. आन् तुमी रुपालीला भांडगावला न्यायला या."

दोन वाक्यं, मध्ये श्वास नाही. पहिल्याचा दुसऱ्याशी संबंध काय, हे मी विचारायच्या आत त्यानं फोन ठेवला.

मी, तात्याबा, आयुष्यभर सहकारी संस्थांचे हिशेब तपासले. निवृत्त झाल्यापासून लग्नं जुळवतो. काम तेच आहे. समोरचा दाखवतो ते बघायचं आणि दाखवत नाही ते विचारायचं. गेल्या वैशाखात भांडगावची रुपाली तळेगाव ढमढेऱ्याच्या रोहिदासशी मीच जुळवली. रोहिदासची पहिली बायको गिताबाई कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेली. मागं लेक समृद्धी आणि म्हातारे सासरे, भिमाजी आबा.

आमच्याकडं मध्यस्थाला मुदत नसते. मिक्सर बिघडला तर दुकानदार वर्षभरानंतर हात झटकतो; लग्न बिघडलं तर दहा वर्षांनीही मलाच फोन.

घरी येऊन बायकोला सांगितलं. कस्तुराबाईनं लसूण सोलता सोलता माझ्याकडं पाहिलं. "पहिल्या पंगतीला पाटावर बसून जिलेबी हाणली तवा ग्वाड लागली. आता जावा."

"फाईल पुसली म्हणतोय."

"पुसली आसंल कुणीतरी. पर हिनंच कशावरून?"

मी गाडीला किक मारली.

२

राहूवरून भीमेचा पूल ओलांडला की दौंड तालुका मागं राहतो आणि शिरूर लागतो. अंतर फार नाही. पण रुपालीला सासरी अजून 'दौंडकरीण' म्हणतात, जणू ती परदेशातून आली आहे.

ओट्यावरच मला पिशवी दिसली. जाड कापडाची, साड्या कोंबून कोंबून टम्म फुगलेली, तोंड सुतळीनं आवळलेलं. रागानं भरलेली पिशवी वेडीवाकडी असते. ही नीट घडी घालून, जागा वाचवून भरली होती. मनाशी नोंद केली: ही बाई भांडून चाललेली नाही. ही शिक्षा भोगायला चाललीय.

रोहिदासनं खिशातून किल्ली काढून कोपऱ्यातली खोली उघडली.

"कुलूप कशाला?"

"आजून काय पुसायला नको म्हनून. सकाळीच लावलंय."

टेबलावर जुना कॉम्प्युटर, त्यावर क्रोशाचं झाकण. रोहिदासनं तो सुरू केला आणि मला प्रकरण समजावलं. गिताबाईला फोनवर व्हिडिओ काढायची भारी हौस. लोणच्याच्या बरणीला फोन टेकवायचा आणि भाकरी थापताना, कोंबड्यांना शिव्या घालताना, लेकीची वेणी घालताना बोलत राहायचं. ती गेली, मागोमाग फोनही गेला. पण त्याआधी गावातल्या फोटो स्टुडिओवाल्या दत्तानं सगळे व्हिडिओ काढून, एकत्र दाबून बांधून, ह्या कॉम्प्युटरवर ठेवून दिले होते. गादी गुंडाळून दोरीनं आवळावी तसे. पाहायचे तर आधी सोडवून बाहेर काढायचे.

"फाईल येवढी मोठी, की दत्तानं तिचे चार भाग केले. पार्ट एक, दोन, तीन, चार. चारी असले तरच उघडतंय." त्यानं 'आई' नावाचं फोल्डर उघडलं. "आता मोजा."

मोजण्यासारखं फार नव्हतं. पार्ट एक होता. पार्ट चार होता. मधले दोन नव्हते. रोहिदासनं सोडवायची आज्ञा दिली. हिरवी पट्टी जराशी सरकली आणि थांबली. पुढचा भाग आणा, असं यंत्र इंग्रजीत म्हणालं.

"गुरुवारी समूची हळद. तिला हळदीत आईचा आवाज लावायचाय. तात्या, तेवढंच मागितलं पोरीनं. सोनं नको म्हनली, हॉल नको म्हनली. आन् दोन वर्सांनी फाईल उघडाय गेलो, तर हे."

"दोन वर्षांत कुणीच उघडली नाही?"

"कुणाची छाती व्हती?" रोहिदासनं मान फिरवली. "चौघांचं घर हाय. आबा, मी, समू आन् ती. आमी तिघांनी कशाला पुसावी?"

"कचऱ्याच्या डब्यात पाहिलं?"

"पाह्यलं. तिथंबी न्हाई. दत्ता म्हनला, मोठी फाईल पुसली तर डब्यात ऱ्हात न्हाई, थेट जाती."

मी यंत्राच्या पोटात किती जागा उरलीय ते सहज उघडून पाहिलं. हिशेबनिसाची खोड, पेटी दिसली की शिल्लक बघायची. जागेची पट्टी लालभडक होती. भरत आलेली. मी ती पाहिली आणि सोडून दिली.

सबंध भानगडीचं उत्तर त्या लाल पट्टीत होतं, आणि मी माऊस खाली ठेवून पाणी मागितलं.

३

समृद्धी माडीवर हळदीच्या साडीला फॉल लावत बसली होती. सुई अशी मारत होती की साडीनंच गुन्हा केलाय.

"तात्या, तुम्ही तिची बाजू घ्यायला आलाय ना?"

"मी बाजू नाही घेत. बेरीज घेतो. तुझा संशय तिच्यावर का?"

"त्यांचं लग्न झालं त्या दिवशीच मी सांगितलं होतं, आईच्या कशालाही हात लावायचा नाही. काय म्हणाल्या माहितीय? 'बरं.' नुसतं 'बरं'! भांडल्या असत्या तर मला चाललं असतं."

पाऊण वर्षात ह्या पोरीनं सावत्र आईला एकदाही हाक मारलेली नाही, हे मला तिच्या बोलण्यातून कळलं. 'त्या', 'त्यांनी', 'त्यांचं'. नाव नाही, नातं नाही.

"हळदीत ऐकवायचा व्हिडिओ कुठला?"

"कुठलाही." सुई थांबली. "बडबड असली तरी चालेल. मला आईचा आवाज आठवत नाही, तात्या. चेहरा आठवतो. आवाज आठवायला गेलं की आत्याचाच येतो."

मी खाली उतरलो. स्वयंपाकघरात रुपाली पाटावर बसून कुळथाच्या पिठाची शेंगोळी वळत होती. घरातून हाकललेली बाई घराचा स्वयंपाक करून चालली होती.

"रुपाली, खरं सांग. फाईलला हात लावलास?"

"न्हाई, मामा." ती माझ्याकडं न बघता बोलली. "मी त्या खोलीत झाडायलाबी जात न्हाई."

खोटं. बोलताना तिच्या हातातली वळी तुटली. बाकी एकही तुटली नव्हती. पण खोटं बोलणारा प्रत्येकजण चोर नसतो. तसं असतं तर निम्म्या सोसायट्यांना मी कुलूप लावलं असतं.

"मग भांडगावला निघालीस कशाला? नाही म्हणून ठाम उभी राहा की."

तिनं पदरानं नाक पुसलं. "ऱ्हाऊन काय करू? त्यांची वस्तू गेली ती गेली."

जेवायला बसलो. वाटीतली शेंगोळी मला जरा वेगळी दिसली. आमच्या घरी वळी गोल जुळवून कडं करतात. ही दोन कड्यांची होती, आठाच्या आकड्यासारखी. भांडगावकडं अशी करत असतील, म्हणून मी खाल्ली. पण समृद्धीची वाटी समोर आली, तिनं आत पाहिलं, आणि ताट बाजूला सारून ती उठली. जिन्यावर तिची पावलं वाजली. मग माडीचं दार आपटलं.

"मिठाचं काय चुकलं का?" रोहिदास म्हणाला.

मीठ बरोबर होतं. मग चुकलं काय होतं?

४

दत्ताचा स्टुडिओ बाजारपेठेत आहे. आठवड्याचा बाजार भरला होता, त्यामुळं गिऱ्हाइकापेक्षा सावलीला आलेली माणसं आत जास्त होती.

"तात्या, माझ्याकडची हार्ड डिस्क दीड वर्षापूर्वीच बसली," दत्तानं हात जोडले. "असती तर मी स्वतः आणून दिली असती. गितावैनींनी माझ्या पोराच्या बारशाला फुकट फुलं दिली व्हती."

"रुपाली कधी तुझ्याकडं काही विचारायला आली होती?"

"कधीच न्हाई. आबा येत्यात. पेनड्राइव्ह घिऊन. बैलगाडा शर्यतीचे व्हिडिओ भरून नेत्यात, घरच्या कॉम्प्युटरवर बघत्यात. बाकी त्या घरातलं कुणी न्हाई."

मी उठलो. दारापर्यंत गेलो आणि जुनी सवय आडवी आली. निघताना एक प्रश्न जास्तीचा विचारायचा.

"दत्ता, चारच भाग का केलेस? तीन का नाहीत, पाच का नाहीत?"

"डीव्हीडीमुळं. एका डीव्हीडीत मावेल येवढा एक भाग. पहिले तीन ठासून भरले, एका मापाचे, चौथ्यात उरलंसुरलं. डीव्हीडीवरनंच तर त्यांच्या कॉम्प्युटरवर..." तो बोलता बोलता थांबला.

"त्या चार डीव्हीडी कुठंयत, दत्ता?"

"रोहिदासच्या घरी! मीच दिल्या की! पेनानं नंबर घालून!"

मी गाडी इतकी जोरात काढली की कोथिंबिरीची जुडी विकणारी बाई मला माझ्या वडिलांसकट काय काय म्हणाली. डीव्हीडी म्हणताच रोहिदासचा चेहरा उजळला, आणि लगेच मावळला.

"त्या? त्या तर आबांनी..." त्यानं शेताकडं बोट केलं.

लांब, ज्वारीच्या तुकड्यावर, काहीतरी चमचम करत होतं.

५

दोरीला बांधलेल्या चार डीव्हीडी वाऱ्यावर गरगर फिरत होत्या. पाखरं बुजावीत म्हणून. मी एक हातात घेतली. उन्हापावसानं वरचा चकचकीत थर पोपडे धरून उडाला होता. पलीकडचं आभाळ आरपार दिसत होतं. पेनानं काढलेला 'दोन'चा आकडा तेवढा फिकट शिल्लक.

ज्वारीच्या शेजारी बीटाचा वाफा होता आणि वाफ्यात भिमाजी आबा उकिडवे बसून विरळणी करत होते. बीटाच्या एका बोंडातून तीन-चार कोंब निघतात. सगळे ठेवले तर एकही पोसत नाही. आबा एकेका जागी हात घालत होते. एक कोंब ठेवायचे, बाकीचे चिमटीत धरून उपटायचे. शेजारी कोवळ्या पाल्याचा ढीग लागला होता.

"आबा, ह्या चकत्या कुणी बांधल्या?"

"म्या. दोन वर्सं झाली की. कॉम्प्युटरात भरून झाल्यावं रिकाम्या चकत्या ठिवून काय पुजायच्यात? पर पाखरू टिकत न्हाई बघा. ब्येस."

त्यांच्या समाधानात मी माती कालवली नाही. ओळीच्या बांधावर बसलो.

"आबा, फाईल तुम्ही पुसली का?"

"न्हाई." सरळ माझ्या डोळ्यांत बघून म्हणाले. "रोह्यानं आम्हा समद्यांना इचारलं. म्या काय बी पुसलं न्हाई. आन् फाईल हाय की जाग्यावं! म्या सोता बघितलीय. उगं त्या पोरीला छळायलेत."

हे खोटं नव्हतं. इतक्या वर्षांत माणसाचा खरा नकार मी ओळखायला शिकलोय. तो उत्तर देताना हातातलं काम थांबवत नाही. आबांची चिमटी चालूच होती.

"शर्यती बघणं चालू आहे का?"

"कुठलं! दिवाळीपस्तोर समदं झ्याक चाललं व्हतं. दिवाळीनंतर ते डबडं म्हनाया लागलं, जागा न्हाई. नवी शर्यत घ्येईना. येवढुशी शर्यत, तात्या! आदी पन्नास घेतल्या त्यानं."

"मग काय केलंत?"

"काय करायचं? जरा जागा करून दिली." आणि आबांनी एका जागचे तीन कोंब उपटून ढिगावर टाकले.

मी त्या ढिगाकडं पाहिलं. मग वर, वाऱ्यावर फिरणाऱ्या डीव्हीडीकडं. मग मला ती लाल पट्टी आठवली.

दिवाळीपर्यंत जागा होती. दिवाळीनंतर संपली. दोन मोठे भाग गेले, तरी पट्टी अजून लालच. आम्ही सगळे दुपारभर खर्चाच्या बाजूला डोकं घालून बसलो होतो, काय गेलं, कुणी नेलं. जमेची बाजू कुणी उघडूनच पाहिली नव्हती. पेटी भरली, ती कशानं?

आणि त्याबरोबर वाटीतला आठाचा आकडा.

"आबा, उठा. हात धुवा. तुमच्या सुनेची पिशवी सोडवायचीय."

६

कुलूपबंद खोलीत आम्ही पाचजण मावत नव्हतो. समृद्धी दाराला टेकून उभी राहिली, रुपाली चौकटीबाहेर. रोहिदास कॉम्प्युटरपुढं बसला.

"आधी एक विचारतो," मी म्हणालो. "रोहिदास, गिताबाई शेंगोळी कशी करायची?"

"कशी म्हंजी? कुळथाची."

"आकार."

"आकार?" तो गोंधळला. "गोल आसत्यात की काय आसत्यात. म्या खातो, तात्या. मोजमाप न्हाई घेत."

"समृद्धी?"

"माझी आठाची. लहानपणी मी आठ काढायला शिकले तेव्हापासून. बाकी सगळ्यांची गोल. फक्त माझी आठाची. आणि आज त्यांनी..."

"तू हे रुपालीला सांगितलंस?"

"मी बोलते कुठं त्यांच्याशी!"

"आबांचं वाटीकडं लक्ष नसतं, बापाला कळत नाही, तू बोलत नाहीस. मग हिला सांगितलं कुणी?" मी वळलो. "रुपाली, ह्या घरात आठाची शेंगोळी एकाच माणसानं तुला दाखवली असेल. बरणीला फोन टेकवून."

रुपाली चौकट धरून खाली बसली.

"म्हंजी हिनं फाईल उघडली व्हती!" रोहिदास ताडकन उठला. "मी म्हनलो न्हवतो?"

"खाली बस. उघडणं आणि पुसणं ह्यात फरक आहे. पुसणारा दुसराच आहे." मी आबांकडं वळलो. "आबा, जागा करून दिली म्हणालात. कशी?"

"कशी म्हंजी, विरळणी केली." आबा शांतपणे म्हणाले. "त्या फोल्डरात एकसारख्या तीन व्हत्या. चित्र त्येच, नाव त्येच, वजनबी त्येच, आकड्याला आकडा जुळत व्हता. नुसतं एक-दोन-तीन नंबर टाकल्यालं, झेरॉक्स काढल्यागत. एक ठिवली, दोन उपटल्या. बारकी चौथी येगळी दिसली, तिला हात न्हाई लावला. एका जागी एकच कोंब..."

त्यांनी आमचे चेहरे पाहिले आणि वाक्य तिथंच सोडलं.

"आबा, ते तीन कोंब नव्हते. एका भाकरीचे चतकोर होते. चतकोर सारखेच दिसतात, पण एक ठेवून बाकीचे टाकले तर भाकरी राहत नाही."

"चतकोर व्हय?" म्हाताऱ्याचा हात डोक्यावरच्या टोपीवर गेला. "मंग गिता... म्याच उपटली?"

समृद्धीनं तोंडावर ओढणी दाबली. रोहिदास बापाकडं बघत होता आणि त्याला ओरडताही येत नव्हतं. सकाळपासूनचं सगळं ओरडून त्यानं चुकीच्या माणसावर संपवलं होतं.

"अजून हिशेब पुरा नाही," मी म्हणालो. "आबांनी उपटलं कशामुळं? जागा संपली म्हणून. जागा दिवाळीपर्यंत होती, मग तीन महिन्यांत असं काय आलं घरात? रुपाली, आता घाबरू नकोस. फाईल कशी उघडायचीस ते पहिल्यापासून सांग."

ती मान खाली घालून बोलायला लागली. आधी शब्द सुटे सुटे आले, मग ओघ लागला.

"मला येत न्हवतं. मोबाइलवर धडा बघितला, कसं सोडवायचं त्याचा. दुपारी समदी रानात गेली की करायची. त्यो दादा सांगतो, डॉक्युमेंटात जावा, नवीन फोल्डर तयार करा, मग फाईलवर जावा, आत सोडवा म्हणा. हिरवी पट्टी भरेस्तवर मी भाजी निवडायची. मग ताई दिसायच्या."

"पाहून झाल्यावर?"

"फुली दाबायची. मग समदं परत आत जातं ना?"

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"परत पहिल्यापास्नं. धडा लावायचा आन् तो सांगतो तसं. मधलं एकबी सोडलं न्हाई, चुकाय नको म्हणून." "मग एक दिवस पट्टी मधीच थांबली. मला वाटलं, रोज काढून काढून म्याच झिजवली. म्हणून बोलले न्हाई. कुणाच्या तोंडानं बोलणार? हात लावू नको म्हणाली व्हती समू, आन् म्या झिजवून टाकली."

"रोहिदास," मी म्हणालो, "डॉक्युमेंट उघड."

त्यानं उघडलं.

नवीन फोल्डर. त्याखाली नवीन फोल्डर, दोन. मग तीन, चार. पडदा भरून खाली सरकवावं लागलं. प्रत्येक दुपारचं एक. बाई व्रताची पोथी वाचावी तशी रोज पहिल्या पायरीपासून सुरुवात करत गेली होती, आणि सोडवलेली वस्तू फुली दाबली म्हणून परत गाठोड्यात जात नाही, हे त्या धड्यातला दादा सांगायचा विसरला होता. गाठोडं फाटलं तरी आतलं सगळं बाहेर, घडी घालून, रांगेत ठेवलेलं होतं. शेवटचं तेवढं अर्धवट. बाकी सगळी भरलेली.

रोहिदासनं पहिल्यावर दाबलं. आतल्या एका व्हिडिओवर दाबलं.

लोणच्याच्या बरणीची कड. मग पिठानं भरलेला हात कॅमेऱ्यावर आला आणि बाजूला झाला.

"दिसतंय का? अगं दिसतंय का म्हणते! समे, इकडं बघ. आठ करतीय तुझ्यासाठी. तुझ्या बापाला गोल. त्याला काय, तो न बघता गिळतो."

आधी आबा हसले. मग हसता हसता खाली बसले आणि टोपी डोळ्यांवर ओढली. रोहिदासनं दोन्ही हात तोंडावर घेतले. हुंदका होता की हसू, मला ठरवता आलं नाही, आणि मी फार प्रयत्नही केला नाही. समृद्धी दारातून पुढं आली, पडद्याच्या इतकी जवळ, की आईचा उजेड तिच्या गालावर पडला.

"हाच," ती म्हणाली. "हाच आवाज."

७

व्हिडिओ संपला तेव्हा समृद्धी चौकटीकडं वळली. रुपाली अजून तिथंच बसलेली.

"का बघत होतात?" प्रश्न टोकदार होता, पण सुई बोथट झाली होती.

"ह्या घरात मला कुणी काय सांगत न्हवतं," रुपाली म्हणाली. "दूध कुठल्या पातेल्यात तापवायचं, आबांना चहा कसा लागतो, तू रुसलीस तर काय करायचं. त्या सांगत व्हत्या. म्हणून बसायची त्यांच्यापाशी."

समृद्धी स्वयंपाकघरात गेली. परत आली ती आपली गार झालेली वाटी घेऊन. उभ्या उभ्या एक आठ तोंडात टाकला.

"हळदीला कॉम्प्युटर तुम्हीच लावायचा, मावशी," ती घास गिळून म्हणाली. "नवीन फोल्डर तेवढं करू नका."

मावशी. पाऊण वर्षातली पहिली जमा. मी नोंद केली.

रोहिदासनं खिशातून किल्ली काढली, हातात फिरवली आणि रुपालीपुढं धरली. तिनं बराच वेळ ती घेतली नाही, मग घेतली. एवढा वेळ त्याला ताटकळायलाच हवं होतं.

ह्या सगळ्यात आबा सावरून कॉम्प्युटरजवळ सरकले होते. फोल्डरांची ती लांब रांग त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिली. कपाळाला आठी पडली, आणि हात आपोआप माऊसकडं गेला.

"येवढ्या एकसारख्या कशाला ठिवायच्या..."

"आबा!"

चार तोंडांतून एकच आरोळी निघाली. त्या घराचं एकमत झालेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

दत्ताला फोन करून बोलावलं. तो आला, त्यानं दोन पेनड्राइव्हवर सगळं उतरवून घेतलं, एक आपल्याकडं ठेवला आणि एक समृद्धीला दिला. जाता जाता त्यानं आबांना दोन रिकाम्या डीव्हीडी दिल्या, पाखरांसाठी.

मी निघालो तेव्हा ओट्यावर समृद्धी पिशवीची सुतळी सोडत होती. एकेक साडी बाहेर काढून रुपालीच्या हातात देत होती, आणि रुपाली ती आत कपाटात नेऊन ठेवत होती. पिशवी रिकामी झाली. आबांनी ती उचलली, वाफ्यावर नेली आणि विरळणीच्या कोवळ्या पाल्यानं भरून माझ्या गाडीला अडकवली.

"कस्तुराबाईला म्हनावं भाजी करा. लसूण जादा घाला."

यवतला पोचलो तर कस्तुराबाई दारातच उभी. माझ्या मागं तिनं पाहिलं, मग पिशवीकडं.

"पोरगी कुठंय?"

"राहिली."

"आन् हे?"

"भांडगावची पिशवी, तळेगावचा पाला."

तिनं पिशवी हातात तोलली आणि आत जाता जाता म्हणाली, "बसा. चहा टाकते. सकाळचा ऱ्हायला आसंल."